लेकरू वाचतंय का?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन जरा टेकला असाल. आज आम्ही शाळेबद्दल बोलणार आहोत. आपल्या गावातल्या, पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल. बोलणाऱ्या आम्ही सगळ्या आया. आमच्यात कुणी सातवी शिकलेली, कुणी दहावी नापास, आणि दोघींना सहीपुरतंच लिहिता येतं.

सुरुवात एका संध्याकाळी झाली. आमच्यातल्या एकीचा मुलगा तिसरीत आहे. घरी पाहुणे आले होते, म्हणून तिनं त्याला धडा वाचायला लावला. पोरानं पुस्तक उघडलं आणि घडाघडा म्हणून दाखवलं. पाहुणे खूश, आई खूश. तेवढ्यात धाकटीनं मध्येच पान उलटलं. पोरगं थांबलंच नाही! पान दुसरं आणि धडा तोच. सगळा धडा त्याला तोंडपाठ होता, वाचता मात्र येत नव्हता. पाहुणे हसले. आईला हसू आलं नाही. रात्री तिनं त्याला जवळ घेऊन एकेका शब्दावर बोट ठेवलं. 'घर' आलं, 'पाणी' आलं. 'रस्ता' आला नाही. जोडाक्षर दिसलं की तो आईच्या तोंडाकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगताना ती म्हणाली, "अगं, मी तर शाळा व्यवस्थापन समितीत आहे. दर महिन्याला सही करते." आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्यातल्या तिघी त्या समितीत आहेत. सभेची वही घरी यायची, आम्ही पदराला हात पुसून सही करायचो. वर काय लिहिलंय, ते एकीनंही कधी वाचलं नव्हतं. शाळेत काही कमी असेल, तर त्या कमीवर आमचीही सही होती.

मग आम्ही माहिती काढली. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात ही समिती सांगितली आहे. समितीत चारातले तीन सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बायका हव्यात. शाळेचं काम कसं चाललंय ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे खर्च झाला ते विचारायचं, ही सगळी समितीची कामं. म्हणजे आपण शाळेत गेलो तर ती लुडबुड नव्हे. ते आपलं कामच आहे.

पुढच्या सभेला आम्ही वही घरी मागवली नाही, आम्हीच शाळेत गेलो. आणि एकच गोष्ट मागितली: तिसरी-चौथीच्या मुलांना आमच्यासमोर वाचू द्या. मुलांना एकेकटं बसवलं. आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. कुणाला रागवायचं नाही, हसायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. निम्म्याहून जास्त मुलं गोष्टीपर्यंत पोचलीच नाहीत.

ही रडकथा फक्त आमच्या गावाची नाही. 'असर' नावाची पाहणी देशभर खेडोपाडी मुलांच्या घरी जाऊन अशीच वाचनाची चाचणी घेते. 2022 साली सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांमधली सुमारे 16 मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. 2024 साली हा आकडा 23 च्या आसपास गेला. सुधारणा आहे, पण अजून किती लेकरं मागे आहेत बघा. आणि व्हॅननं तालुक्याच्या शाळेत, टाय लावून पाठवलं की प्रश्न सुटला, असंही नाही. त्याच पाहणीत खाजगी शाळांतलीही निम्म्याहून कमी मुलं तेवढं वाचू शकली. कुणी आपलं मूल कुठे घालावं हे आम्ही सांगणार नाही. पण फी भरली म्हणजे वाचता आलं, असं समजू नका. तिथंही पान उलटून बघा.

चाचणीनंतर बाई आणि गुरुजींशी बोलणं झालं. आम्हाला वाटलं होतं भांडण होणार. बाई म्हणाल्या, "मलाही माहीत आहे. पण मी एकटी काय काय करू?" आमच्या शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं कायदाच सांगतो, म्हणजे नियम मोडलेला नाही. पण एका खोलीत पहिली-दुसरी आणि शेजारी तिसरी-चौथी. गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले की चारही वर्ग एकट्या बाईंकडे. त्यात मोबाईलवर माहिती भरायची ती वेगळीच. हे ऐकल्यावर आमचा राग जरा खाली बसला. प्रश्न मात्र तिथंच होता. मग वाट काढली. रोज परिपाठ झाला की अर्धा तास वाचनाचा. त्या वेळी मुलं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे बसतात. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली दुसरीकडे. आठवड्यातून दोन दिवस आमच्यातल्या दोघी जाऊन बसतात. ज्यांना वाचता येत नाही त्या गोष्ट सांगतात, मुलं ती फळ्यावर लिहायचा प्रयत्न करतात.

शाळेत जायला लागल्यावर बाकीचंही दिसलं. गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती, कारण काय तर मुलं फाडतील. आम्ही म्हटलं, फाटू द्या, आम्ही खळ लावून चिकटवू. आता पुस्तकं दोरीवर टांगलेली असतात. मुलींच्या संडासाला दार होतं, पण पाणी नव्हतं. म्हणून चौथीच्या मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. ही गोष्ट एकाही मुलीनं घरी सांगितली नव्हती. तुमच्या मुलीला आजच विचारा.

खिचडीचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी, असं ठरलेलं आहे. डाळ दिसते का, भाजी पडते का, हे कळायला तराजू लागत नाही. एक दिवस मुलांच्या पंगतीत बसून जेवा. स्वयंपाक करणाऱ्या ताईशी नीट बोला, तिलाही अडचणी असतात.

आणि भीती. मारलं तर शिकतं, असं आपणच गुरुजींना सांगून येतो. "चमडी सोलून काढा" म्हणतो ना? कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे. आणि घाबरलेलं मूल आपल्याला येत नाही हे लपवायलाच शिकतं. आमचं ते पोरगं तेच करत होतं. पाठ करून लपवत होतं.

आता त्याचं काय झालं, ते सांगतो. अजून अडखळतो. पण परवा एसटीची पाटी बोट नाचवत वाचली आणि "आई, ही आपली गाडी नाही" म्हणाला. गाडी खरंच आपली नव्हती. संडासाच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीत तीन खेपा झाल्या, पाणी अजून आलेलं नाही. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला जाते तेव्हा काही मुलं आईबापांबरोबर जातात आणि परत आल्यावर पुन्हा मागे पडलेली असतात. त्यांना आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, याचं बोलणं चालू आहे. सगळं जमलं, असं आम्ही म्हणत नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज रात्री लेकराला जवळ घ्या. पाठ नसलेलं एखादं पान उघडा आणि बोट ठेवून वाचायला सांगा. नाही आलं तर मारू नका, दुसऱ्या दिवशी शाळेत जा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी अडखळणं कानाला कळतं. आणि सभेची वही घरी आली तर म्हणा, "वही राहू द्या, आम्हीच येतो."

येतो मैत्रिणींनो. पुढच्या वेळी तुमच्या शाळेत काय दिसलं, ते आम्हाला सांगा. नमस्कार.