डायनॅमो नवा की दुरुस्त? निर्णय आपला

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या संघटनेची जीप ही चैनीची वस्तू नाही. कोर्टाच्या तारखेला पोचायचं असो, मोर्चाला बाया न्यायच्या असोत, की मारहाण झालेल्या बाईला रात्री सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचं असो, गाडी लागतेच. ती वर्गणीतून चालते. म्हणून ती बिघडली की काय करायचं हे कोण ठरवतं, हाही आपल्या कामातलाच प्रश्न आहे.

ही जीप मी चालवते आणि सांभाळते. मागच्या पावसाळ्यात इंजिन चालू असतानाही बॅटरीचा लाल दिवा विझेना, हेडलाईट मंद झाले. गॅरेजवाल्याने मला काही विचारलंच नाही. सोबतच्या भावाकडे बघून तो म्हणाला, "डायनॅमो गेलाय साहेब, नवाच टाका." आमचा भाऊ सायकलशिवाय काही चालवत नाही!

मी म्हटलं, "आधी मीटर लावा."

ज्याला गॅरेजात डायनॅमो म्हणतात तो आता अल्टरनेटर असतो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो. कार्बन ब्रशमधून आतल्या फिरत्या कॉइलला वीज मिळते, तिचं चुंबक होतं, आणि बाहेरच्या स्थिर कॉइलमध्ये वीज तयार होते. डायोड ती एका दिशेची करतात, कटआऊट तिचा दाब आवरतो. बॅटरी मुख्यतः सेल्फ मारण्यापुरती. गाडी चालू झाली की दिवे, हॉर्न, बॅटरीचं चार्जिंग, सगळा भार अल्टरनेटरवर. तो थकला की बॅटरी उतरत जाते आणि एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सेल्फने चालू होत नाही.

गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला पाहिजे. आमचा बारावरच अडला. मग पट्टा सैल आहे का ते पाहिलं, बॅटरीची टोकं घासली. तरी फरक नाही, तेव्हाच अल्टरनेटर उतरवला. आत ब्रश झिजले होते आणि बेअरिंग वाजत होतं. कॉइल शाबूत. नव्याच्या पाव किमतीत काम झालं. एक सावधगिरी मात्र बाळगा: तपासण्यासाठी चालू गाडीच्या बॅटरीची तार कुणाला काढू देऊ नका. त्याने डायोड जळू शकतात.

मग नवा कधी घ्यायचा? ब्रश, बेअरिंग, कटआऊट, डायोड गेले तर बहुतेक वेळा दुरुस्ती पुरते. कॉइल जळून काळी पडली, आतला दांडा झिजला, बॉडी तडकली, किंवा तेच दुखणं दोन-चार महिन्यांत परत आलं, तर बदला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे जात असेल तरीही बदला. रिवाइंडिंग केलेला जुना घ्यायचा तर गॅरंटी लेखी मागा.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. घाबरलेली बाई आणि तिची पोरं गाडीत, रात्रीचे दोन, घाटाचा रस्ता आणि दिवे जातात, याची किंमत कुठल्याच बिलात नसते. दुरुस्तीवर भरवसा नसेल आणि गाडी रात्री धावणार असेल, तर तिथे काटकसर करू नका. दिवसा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला थोडी जोखीम चालते.

बाईला यंत्रातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. १८८८ साली जर्मनीत ती दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, मोटारीने गेली. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, असं सांगतात.

तेव्हा प्रत्येक गटातल्या दोघीजणींनी तरी मीटर लावायला शिका. काढलेले जुने भाग परत मागा. बिलावर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या. आणि मोठा खर्च असेल तर गॅरेजच्या दारात "हो" म्हणू नका, बैठकीत मांडा. गाडी सगळ्यांची आहे, तर निर्णयही सगळ्यांचा हवा.