गोठलेली पाणथळ आणि लाल टोपीचे क्रौंच
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



जपानच्या सहलीबद्दल बोला, असा आग्रह झाला. सगळं सांगत बसलो तर जेवणाला उशीर होईल. म्हणून फक्त होक्काइडो बेटावरच्या कुशिरोबद्दल बोलतो.

कुशिरो ही जपानमधली सर्वांत मोठी पाणथळ. हिवाळ्यात ती गोठते, चिखलातलं खाणं बर्फाखाली जातं. तिथले क्रौंच, जपानी नाव तांचो, रात्री जवळच्या नदीच्या उथळ पाण्यात उभे राहतात. ते पाणी गोठत नाही आणि कोल्हाही सहसा तिथवर येत नाही. पहाटे पुलावरून आम्ही पाहिलं. नदीवर वाफ, झाडांवर हिम आणि मधोमध एका पायावर झोपलेले पांढरे पक्षी, उंची जवळजवळ दीड मीटर, माथ्यावर लाल ठिपका. दुर्बीण धरून बोटं पार बधिर झाली, पण खाली ठेववेना.

आता त्यांचा जमाखर्च ऐका. शिकारीमुळे आणि शेतीसाठी पाणथळी बुजवल्यामुळे हा पक्षी होक्काइडोतून संपला, असेच सर्वजण समजत होते. 1924 साली कुशिरोत मोजके सापडले. 1952 च्या कडक हिवाळ्यात ते भुकेने शेतांत आले, तेव्हा शेतकऱ्यांनी मका घातला. त्या वर्षी मोजणीत भरले 33. आज ते हजाराच्या वर आहेत.

पण दाण्यासाठी सगळे एकाच जागी जमतात. साथ आली तर काय? शिवाय शेतांचं नुकसानही होतं. म्हणून सरकारने 2015 पासून दाणा हळूहळू कमी करायला घेतला. इतकी वर्षं मायेने दाणा घालणाऱ्यांना हे सोपं नाही. आम्ही बँकवाले जाणतो, अडलेल्या खातेदाराला हात द्यावाच. पण ओव्हरड्राफ्टवर जन्म निघत नाही, आणि तो एकदम बंद केला तरी माणूस बुडतो. क्रौंचांची खरी ठेव म्हणजे ती पाणथळ. ती शाबूत तर पक्षी शाबूत.

आपल्या गोंदियातही सारस क्रौंच धानाच्या बांध्यांत घरटी करतात. मोजकेच उरलेत. त्यांना दाणा नको. न मोडलेलं घरटं आणि न बुजवलेलं तळं हवं.

कबुतरांच्या दाण्याचा विषय आपल्या पुढच्या सभेत येणारच आहे. दोन्ही बाजूंनी आवाज चढवण्याआधी कुशिरोच्या शेतकऱ्यांची जरूर आठवण ठेवा, एवढीच विनंती.