आपल्या गावाचे देखावे, आपल्याच रस्त्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



देखाव्यांची छायाचित्रे आणि ती रस्त्यावर मांडण्याची पद्धत यांविषयी मी चार शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. विषय ऐकून काहीजणींना वाटेल, की हा हौशी मंडळींचा प्रांत. आपल्या घरसंसारात त्याचे काय काम? म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगते. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले जगातील सर्वांत जुने छायाचित्र ना राजाचे आहे, ना लढाईचे. १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधील नीएप्स नावाच्या गृहस्थांनी आपल्या घराच्या माडीवरील खिडकीतून दिसणारी आवारातील छपरे टिपली, तेच ते चित्र. त्यासाठी कॅमेरा कित्येक तास उघडा ठेवावा लागला होता. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याची पारख कोणाला असते, हे का आपणांस सांगावयास हवे?

आपल्याकडेही ही कला लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळात उत्तम छायाचित्रे काढीत. होमाई व्यारावाला यांचे नाव तर आपण ऐकलेच असेल. त्यांचे क्षेत्र वृत्तपत्रांचे. पण साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळून त्यांनी पुरुषांच्या गर्दीत काम केले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आज कॅमेरा प्रत्येकीच्या पर्समधील फोनमध्ये आहे. अडचण चित्र काढण्याची उरलेली नाही. काढलेले चित्र चार माणसांना दाखविण्याची आहे. फोनमधले चित्र फोनमध्येच राहते आणि फोन बदलला, की बहुधा तेही जाते.

परदेशांत पुष्कळ शहरांतून अशी रीत आहे, की महिन्यातील एका ठराविक संध्याकाळी बाजारपेठेतील दुकाने आणि चित्रदालने उशिरापर्यंत उघडी राहतात. भिंतीवर चित्रे लावलेली असतात आणि लोक पायी हिंडत ती पाहतात. मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन सुरू झाले. त्याच्या बाहेरील पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, आणि १९९९ पासून त्याच परिसरात काळा घोडा कला महोत्सव भरू लागला. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभे राहिले, त्यातही कलादालन आहे व तेथे छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. परंतु दालनाची पायरी चढून आत जाणारा माणूस मुळातच चित्रांचा शौकीन असतो. भाजीची पिशवी घेऊन निघालेली बाई सहसा आत शिरत नाही.

आणि खरे सांगायचे, तर पायी हिंडून देखावे पाहणे पुणेकराला कोणी शिकवावयास नको. गणेशोत्सवात रात्री जेवणे आटोपून, मुलांचा हात धरून आपण पेठापेठांतून देखावे बघत हिंडतो. कोणत्या मंडळाचा देखावा सरस, यावर दुसऱ्या दिवशी जिन्यात चर्चा रंगते. तिकीट नाही, आमंत्रण नाही, जो येईल तो रसिक. ही सवय आपल्या अंगी पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. तिचाच उपयोग छायाचित्रांसाठी करावयाचा, एवढेच माझे म्हणणे.

मात्र कोणते देखावे मांडावेत? काश्मीरचे बर्फ आणि केरळचे पाणी सुंदर असते, यात शंका नाही. लोक ते पाहतात, ‘छान’ म्हणतात आणि पुढे जातात. पण पर्वतीच्या पायऱ्या, ओंकारेश्वरामागची मुठा, पहिल्या पावसानंतरची वेताळ टेकडी, ढगात बुडालेला सिंहगड असे काही मांडा आणि बघा. माणूस थांबतो. ‘हे कुठून काढले?’ म्हणून विचारतो. ‘इथे पूर्वी एवढ्या इमारती नव्हत्या हो,’ असे म्हणून आपल्यालाच माहिती सांगू लागतो. ओळखीच्या जागेचा परीक्षक कडक असतो, आणि तोच खरा प्रेक्षक. दालनातील जाणकार प्रकाश आणि रचना पाहील. रस्त्यावरचा पुणेकर चित्र खरे आहे की रंग चढविलेले, ते पाहील. दोन्ही परीक्षा हव्यात. पण दुसरी दालनात बसून देता येत नाही.

यात केवळ हौस नाही, भगिनींनो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. वाडे पडले, संसार वाहून गेले, आणि काठाचे रूपच पालटले. पुरापूर्वीचा तो काठ कसा होता, हे आज सांगावयाचे तर वृद्धांची आठवण आणि त्या वेळची छायाचित्रे, एवढाच आधार. हाती कॅमेरा असलेल्या कोणी सहज टिपलेला घाट आज शहराचा दस्तऐवज झाला आहे. अलीकडे २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला विरोध करण्यासाठी पुष्कळ पुणेकर एकत्र आले. रस्ता असावा की नसावा, याविषयी या सभेतही दोन मते असतील. तरी जी टेकडी पाहिलीच नाही, तिच्याविषयी मत तरी कसे द्यावे? पाहिलेले चित्र माणसाला त्या वाटेवर पाठवते, आणि पायाखालून गेलेल्या जागेविषयी माणूस उदासीन राहत नाही.

आता कामाचे बोलते. चित्र लहान नको. निदान बारा इंच बाय अठरा इंच असावे, म्हणजे दोन पावले दूर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. उन्हात काच चमकते व चित्राऐवजी बघणाऱ्याचेच तोंड दिसते. म्हणून बिनचमकीच्या कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावे, काच लावू नये. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर यावा. मुलांसाठी दोन-तीन चित्रे खाली लावावीत. झाडाला खिळा ठोकू नये. कुंपणाची भिंत ज्याची, त्याची परवानगी घ्यावी, आणि पदपथावर मांडावयाचे तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची. चालणाऱ्याची वाट अडवू नये. प्रत्येक चित्राखाली जागेचे नाव, महिना, वर्ष आणि कोठे उभे राहून काढले, ते मोठ्या अक्षरांत लिहावे. नाव-साल नसलेले चित्र पन्नास वर्षांनी मुके होते. शेजारी एक वही ठेवावी. त्या जागेची ज्याला जी आठवण असेल, ती त्याने लिहावी. ही वही चित्रांइतकीच मोलाची ठरेल.

गणेशोत्सव पावसात येतो, तेव्हा कागदाची चित्रे टिकायची नाहीत. डिसेंबर उत्तम. २०२१ साली महापालिकेने ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. रस्ता मोकळा असला, की माणूस मान वर करून बघतो, हे त्या दिवशी दिसले. आपल्याला लक्ष्मी रस्ता नको. आपली गल्ली पुरे.

तेव्हा माझी सूचना अशी, की येत्या डिसेंबरात मंडळाने एका रविवारी गल्लीच्या दोन्ही कुंपणांवर वीस चित्रे मांडावीत. दहा आपल्या फोनमधली; दहा घराघरांतील जुन्या अल्बममधली, ज्यांत माणसांच्या मागे नदी, टेकडी किंवा पूल दिसतो आहे. लग्नाच्या फोटोत आपण नवरा-नवरी पाहतो. यंदा त्यांच्या मागचे पुणे पाहू. ज्यांच्याकडे असे फोटो असतील, त्यांनी ते चिटणीसबाईंकडे आणून द्यावेत. प्रत काढून मूळ फोटो त्याच आठवड्यात परत मिळेल, ही जबाबदारी मी घेते.