खिडकीच्या अलीकडे

(लोणी काळभोर इथं तरुणांसमोर केलेलं भाषण)



‘आमच्या सेवेवर आपण किती समाधानी आहात?’ विद्यापीठाच्या कचेऱ्या हल्ली असं विचारतात. एक ते पाच आकडे. खूण करा आणि चालू पडा.

विचारतात कुणाला? ज्याचं काम झालं त्याला. जो तीन खेटे घालून परत गेला, ज्याचा फॉर्म शिक्क्यापायी मागं आला, ज्यानं शेवटी नाद सोडून हडपसरला काम धरलं, तो या मोजणीत नाहीच. मग आकडा गुबगुबीत येणारच की!

आणि आत उरलेला तरी खरं लिहील? त्याचा स्कॉलरशिपचा अर्ज पुढं त्याच टेबलावर जायचाय. नाव, रोल नंबर लिहून घेतल्यावर पोरगं पाचच देणार. ही भीती आहे, तिला समाधान म्हणू नका. ज्याच्या बापानं तलाठ्याच्या दारात दिवस काढले, तो कारकुनानं नुसतं ‘बस’ म्हटलं तरी खूश!

वर आम्हाला म्हणतात ग्राहक. ग्राहक दुकान बदलतो. अर्धी पदवी झाल्यावर मार्कलिस्ट कुठल्या दुसऱ्या दुकानात मिळते?

2017 पासून नॅकनं विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण मूल्यांकनात घातलं. प्रश्न बहुतेक शिकवण्याबद्दलचे. खिडकीवरची रांग त्यात फारशी दिसत नाही.

जोतिरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, तेव्हा कोण समाधानी हे विचारलं नाही. कर भरतो शेतकरी, शिक्षण मिळतं वरच्यांना, हा हिशेब मांडला. आपणही हिशेबच मांडायचा. 2014 साली पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आलं. तिच्या नावाच्या विद्यापीठात खिडकीवर काय होतं, हे मोजायचा हक्क आपला आहे.

लोणीहून गणेशखिंडीला जायचं म्हणजे हडपसर ओलांडून सगळं शहर कापायचं. एक सही राहिली की दुसरा दिवस गेला. रोजानं जाणाऱ्याचा रोज बुडाला. तो एक ते पाचमध्ये कुठं बसतो? म्हणून वही घाला. अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच मिळाली का, खेटे किती, भाडं किती, रोज किती बुडाला. काम न होता परतलेल्यांचीही नोंद करा, नावं नको, आकडा हवा. मग स्कॉलरशिपवाल्याचे खेटे एका बाजूला आणि पूर्ण फी भरणाऱ्याचे दुसऱ्या बाजूला मांडा. जात कुठल्या टेबलावर बसलीय, ते तिथं दिसेल.

2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, अर्जाची पोच द्यायची, नाकारली तर कारण लेखी द्यायचं. कसूर केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. जातीचा दाखला यात येतो. कचेरीच्या कोणत्या सेवा येतात, किती दिवसांत द्यायच्या, याची यादी भिंतीवर लावावी लागते. भिंत बघा. यादी नसेल तर वहीत पहिली ओळ तीच लिहा.

वह्या आणल्यात. जाताना एकेक घेऊन जा.