दार उघडे असू द्या

आजचे चिंतन आपल्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी आहे, पण इतरांनीही जरूर ऐकावे.

महाराष्ट्रातून इंग्लंडला येताना अनेकांना वाटते, की आपण ख्रिस्ती देशात चाललो आहोत. प्रत्यक्षात २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याहून कमी, ४६.२ टक्के भरले. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे ३७.२ टक्के होते. ऑफिसात देवाचे नाव काढले की समोरचा विषय बदलतो. मराठी मंडळात कुणी विचारते, ‘तुम्ही मराठी, मग ख्रिस्ती कसे?’ आणि घरात मुलगा म्हणतो, ‘आई, रविवारी सकाळी फुटबॉल आहे. चर्चला यायलाच हवं का?’

अशा वेळी दोन वाटा सोप्या वाटतात. एक, विश्वास ठेवणीतल्या साडीसारखा कपाटात ठेवायचा. दुसरी, भेटेल त्याच्या गळी उतरवायचा. तिसरी वाट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा याच देशात, वाँटेज येथे, १८८३ साली झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला नेले. तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळायची मुभा होती. मात्र बाईंनी स्वतःची प्रार्थना सोडली नाही आणि प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दारही लावून घेतले नाही. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. त्यांचीही बाजू होती. पालकांनी विश्वासाने मुली सोपवल्या होत्या. बाईंची भूमिका अशी, की मी कुणाला बोलावणार नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली.

सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई तिथे शिकल्या, १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या. हेही त्याच घरात घडले.

तुम्ही म्हणाल, प्रभू येशूने तर दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. खरे आहे, पण ते लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे. त्याच डोंगरावरील प्रवचनात दिवा मापाखाली झाकू नये, असेही सांगितले आहे. दिखावा नको आणि लपवाछपवीही नको.

मग आपण काय करावे? कँटीनमध्ये जेवणाआधी क्षणभर डोके लववा, कुणी विचारले तर दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. कामाचे तास खोटे भरायला कुणी सांगितले, तर नकार द्या. तिथे विश्वासाची खरी परीक्षा होते. मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्या लावायला हात द्या. आरतीच्या वेळी मागे उभे राहिलात, तर कारण मोकळेपणाने सांगा.

आणि फुटबॉलवाल्या मुलाला? त्याला धाक घालू नका. संध्याकाळची उपासना असेल तर तिला बरोबर न्या. आपण का जातो, कोणत्या अडचणीत प्रार्थनेने धीर दिला, हे त्याला सांगा. मोठा झाल्यावर तो त्याचे ठरवील. तोवर आई-बाबा रोज प्रार्थनेला बसतात, हे त्याला आपल्याच घरात दिसू द्या.

प्रभू तुम्हा सर्वांचे कल्याण करो. नमस्कार.