शेवटच्या नळाचं पाणी



पाणीपुरवठ्याच्या या परिषदेत अध्यक्षाने धोरणावर बोलावं असा संकेत आहे. मी नळावर बोलणार आहे, तोही गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या.

शुद्धीकरण केंद्र बघायला पाहुणे आले की आपण त्यांना आधी एरेटरच्या कारंज्यापाशी उभं करतो, फोटो होतात, मग फिल्टर बेड दाखवतो. तिथलं पाणी चांगलंच असतं. मुंबईला १८६० साली विहारचं पाणी मिळालं, तेव्हापासून आपल्या शहरांनी धरणं आणि केंद्रं बांधण्यात हयगय केलेली नाही. पाणी बिघडतं ते पुढे, रस्त्याखाली. आपण पाणी पाळीने सोडतो. पाळी संपली की लाइनमधला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. जुन्या वस्त्यांत तर घरगुती जोडण्यांचे गंजके जीआय पाइप थेट गटारातूनच गेलेले दिसतात. त्यात कुणी नळाला मोटार लावली की विचारायलाच नको. म्हणून तर पाणी आलं की बायका पहिली बादली ओतून देतात. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. आपला माणूस नमुना घ्यायला पोचतो तो पाणी नितळ झाल्यावर. मग अहवाल ‘पिण्यास योग्य’ येणार नाही तर काय होणार?

तक्रार आलीच तर आपलं ठरलेलं उत्तर असतं, टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, वाढवा. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत हेच केलं होतं. नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपशापर्यंत पोचलं, म्हणून क्लोरीन वाढवला. जिवाणू मेले, टायफॉइड वाढला नाही, पण काविळीचा विषाणू तगला आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. आणि २०२५च्या जानेवारीत आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. तिथली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ सालीच महापालिकेत आलेली. हद्द पोचली, गाळलेलं पाणी मात्र पोचलं नव्हतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकून ते नळाला सोडलं जात होतं.

लाइनमध्ये दाब सतत राहिला तर घाण आत शिरायला वाव उरत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. मोठ्या शहरांना ते जमायला वेळ लागेल, हे मी मान्य करतो. तोवर निदान खरं मोजू या. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको, हे भारतीय मानक आपल्याला पाठ आहे.

माझा ठराव एवढाच आहे. प्रत्येक पाणी-झोनमध्ये नमुना टोकाच्या घरातून, पाणी आल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत घ्यावा. उरलेला क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट घरातल्या माणसांसमोर करावी आणि निकाल, पिवळा रंग आलेला असो वा नसो, त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावा. पहिल्या महिन्यात आकडे वाईट येतील, वर्तमानपत्रं झोडपतील, आयुक्त बोलावून घेतील. ठराव उद्या खुल्या अधिवेशनात येतो आहे. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो त्यांनी तिथेच बोलावं, चहाच्या टेबलावर नको.