खुराड्यात कोंबड्या किती? हिशोब जुलैचा करा

कानात इअरफोन असोत नाहीतर स्वयंपाकघरात मोबाईल टेकवून ठेवलेला असो, आजचा विषय सगळ्यांना जमण्यासारखा आहे. परसात खुराडं आहे, त्यात कोंबड्या किती ठेवायच्या?

मी बीटेक केलेली, दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहिणारी मुलगी. दोन वर्षांपासून मालवण तालुक्यात घरूनच काम करते. यंदा आईने ठरवलं की गावठी कोंबड्यांची वीस पिल्लं घ्यायची. अंडी विकून येणारे पैसे हे तिचे स्वतःचे पैसे असतात, त्यात कोणी हात घालत नाही. म्हणून हा आकडा आमच्या घरात गमतीचा नाही. तिने विचारलं, "आपल्या खुराड्यात वीस मावतली?"

मावतील. पण मावणं वेगळं आणि सुखात राहणं वेगळं.

आधी साधं गणित. आमचं खुराडं सहा फूट बाय चार फूट, म्हणजे 24 चौरस फूट. ब्रॉयलरच्या शेडमध्ये एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट धरतात. त्या हिशोबाने 24 बसतात! पण ब्रॉयलर दीड महिन्यात विकला जातो. आपली कोंबडी दोन-तीन वर्षं राहणार, उडणार, भांडणार, खुडूक होणार. दिवसभर अंगणात फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरते दोन चौरस फूट चालतात, म्हणजे 12 पक्षी. आणि दिवसाही आत राहावं लागणार असेल तर माणशी, सॉरी, कोंबडीमागे चार चौरस फूट धरा. म्हणजे फक्त 6.

मग खरा आकडा कुठला, 24, 12 की 6?

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची क्षमता ठरवताना रविवारची शांत दुपार बघत नाही. सगळ्यात जास्त गर्दीचा क्षण बघतो. कोकणातल्या खुराड्याचा तो क्षण म्हणजे जुलै. जानेवारीत कोंबड्या सकाळी बाहेर पडतात, माडांखाली उकरत बसतात आणि तिन्हीसांजेला परत येतात. तेव्हा 12 काय, 15 पण चालून जातात. पण पाऊस चार-चार दिवस थांबत नाही तेव्हा त्याच कोंबड्या दिवसभर आत असतात. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. वीस कोंबड्या म्हणजे रोज दोन किलो, आणि ती वाळवायला ऊन नाही. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे आणि श्वास दोन्ही धरतात. शेजारच्या काकींकडे मागच्या पावसात हेच झालं. पक्षी शिंकायला लागले, एकमेकांची शेपटीची पिसं टोचून रक्त काढायला लागले, अंडी जवळपास बंद. खाणं मात्र वीस तोंडांचं चालूच.

म्हणजे जास्त कोंबड्या म्हणजे जास्त अंडी, हे सरळ गणित नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. सात कोंबड्या नीट राहिल्या तर चारशे-पाचशे अंडी होतात. गर्दीतल्या पंधरांचा मात्र काही भरवसा नाही.

दुसरं माप फरशीचं नाही, दांडीचं. कोंबडी रात्री जमिनीवर नाही, दांडीवर झोपते. एका पक्ष्याला नऊ इंच धरा. आमची दांडी सहा फुटी, म्हणजे 72 इंच, म्हणजे आठ पक्षी. दुसरी दांडी लावायची तर त्याच उंचीवर लावा. एक वर, एक खाली असेल तर सगळ्यांना वरच बसायचं असतं आणि रोज संध्याकाळी मारामारी. अंडी घालायला चार कोंबड्यांमागे एक खोका पुरतो.

आता एक गोष्ट जी कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसते. आकडा स्वतःहून वाढतो. मार्चमध्ये एक कोंबडी खुडूक बसली, 21 दिवसांनी आठ-दहा पिल्लं. त्यातले साधारण निम्मे कोंबे. ते मोठे होतात नेमके पावसाच्या तोंडावर. आषाढात वडे-सागोती झाली किंवा राखणीला कोंबा गेला तर ठीक. एकदा श्रावण लागला की घरात कोणी कापत नाही आणि गिऱ्हाईकही कमी. म्हणजे सगळ्यात जास्त पावसात सगळ्यात जास्त गर्दी! म्हणून पिल्लांची जागा आधीच रिकामी ठेवा, आणि जादा कोंबे श्रावणाआधी विका. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबा भरपूर झाला.

मग आईचे वीस? आम्ही बसून कागदावर दोन पर्याय मांडले. पहिला, आहे त्या खुराड्यात सात कोंबड्या आणि एक कोंबा. दिवसभर आत राहिले तर तीन चौरस फुटांवर येतात. थोडं कमीच, पण पाऊस उघडेल तेव्हा बाहेर सोडलं तर निभतं. दुसरा, खुराड्याला लागून सहा बाय सहाचा पत्र्याचा आडोसा, बाजूंना जाळी. 24 आणि 36 मिळून 60 चौरस फूट. चारने भागा, 15 पक्षी. रात्री झोपायला सहा फुटी दोन दांड्या, त्यावर सोळा बसतात. जाळी अर्ध्या इंचाची आणि मजबूत हवी, कारण मुंगूस आणि रानमांजर पावसाळ्यात सुट्टी घेत नाहीत. वरच्या बाजूला छपराखाली वारा खेळायला फट ठेवायची, तिलाही जाळी. खाली भाताचं तूस, ओलं झालं की बदलायचं.

आईने यंदा पहिला पर्याय घेतला. आडोसा दिवाळीनंतर, अंड्यांच्याच पैशातून, असं तिने स्वतः सांगितलं. पिल्लं आणली की मानमोडीची लस कधी द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. एका बाटलीत शंभरेक डोस असतात आणि उघडली की लगेच वापरावी लागते. त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लस टोचून घेतलेली बरी.

तुमच्याकडे आधीच कोंबड्या असतील तर एक चाचणी करा. पावसातल्या सकाळी, दार उघडल्या उघडल्या, खाली बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर आधी तूस बदला. बदलूनही दोन दिवसांत तोच वास आला, तर तुमचा आकडा जास्त आहे. लांबी-रुंदी आणि दांडीची मापं मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन खुराड्यांचा हिशोब एकत्र करू. येवा!